ठिबकवरची गाडी

नंदुरबारच्या आरटीओच्या मैदानावर भूमिका पाटीलची गाडी तीनदा बंद पडली. पहिल्यांदा आठचा आकडा काढताना, दुसऱ्यांदा मागे घेताना आणि तिसऱ्यांदा चढावर. तिसऱ्या वेळी ती नुसती बंद पडली नाही, तर सावकाश मागे येत येत परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या टेबलाला टेकली. साहेबांनी टेबल हातभर मागे ओढलं आणि कागदावर ‘अनुत्तीर्ण’ असं लिहिलं.

भूमिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पंधरा वर्षं ती दुसऱ्यांच्या कागदावर असे शेरे लिहीत आली होती. स्वतःच्या कागदावर तिने तो पहिल्यांदाच पाहिला. एरवी तिने हे मनावर घेतलं नसतं, पण तिची बदली अक्कलकुव्याच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर झाली होती. तिकडे जाणारी एसटी साडेअकराला पोहोचत असे आणि शाळा साडेदहाला भरत असे. सोळा जूनला शाळा सुरू, चौदा जूनला तिचं शिकाऊ लायसन्स संपणार, आणि पुन्हा परीक्षेची तारीख मिळाली होती ती बारा जूनची, गुरुवारची, सकाळी अकराची.

परतताना गाडी तिचा नवरा भावेश चालवत होता. प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर भावेश म्हणाला, “गाडी तुन्हामुळे नही बंद पडनी. कार्बोरेटरमुळे पडनी.”

“साहेबनी कार्बोरेटरले नापास नही करं,” भूमिका म्हणाली. “माले करं.”

हे वाक्य भावेशच्या मनाला लागलं. गाडी त्याची होती. सत्तावीस वर्षं जुनी, पांढरी, छोटी, एमएच अठरा नंबरची. म्हणजे नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा व्हायच्या आधीची. आपल्या गाडीमुळे आपली बायको नापास झाली, ही गोष्ट त्याला जेवताना, झोपताना आणि केळीला पाणी सोडताना बोचू लागली.

आता, कोणत्याही माणसाने अशा वेळी कार्बोरेटर साफ करून घेतला असता. शहाद्याला लेथ मशीन चालवणारा गोकुळ गाड्यांचंही बघायचा. त्याने तसं सांगितलंही. “अर्धा तासनं काम शे, भावेशभाऊ. खोलसू, फुंकसू, बसाडी देसू.”

पण भावेश कोणताही माणूस नव्हता. तापीकाठच्या त्या गावात मोबाइलवरून विहिरीची मोटर चालू करणारा तो पहिला. सहा एकर केळीला त्याने ठिबक बसवलं होतं आणि कोणत्या ओळीला किती मिनिटं पाणी द्यायचं ते एका खोक्यात भरून ठेवलं होतं. लोक त्याच्याकडे वायर घेऊन यायचे आणि सल्ला घेऊन जायचे. अशा माणसाला ‘फुंकसू’ हा उपाय पटणं शक्य नव्हतं. त्याने आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि एका सकाळी चहाच्या वेळी घरात जाहीर केलं, की कार्बोरेटर काढून टाकायचा आणि गाडीला इंजेक्शन बसवायचं, तेही कॉम्प्युटरवर आकडे भरता येतील असं.

“इंजेक्शन?” तापीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, विचारलं. “गाडीले?”

“आई, कार्बोरेटर म्हणजे पाटनं पाणी. सोडी दिधं का जाई तठे जाई. इंजेक्टर म्हणजे ठिबक. जितलं पेट्रोल जोयजे तितलंच, जठे जोयजे तठेच. कितलं सोडानं ते आपण सांगानं.”

“आनि बंद नही पडाव?” भूमिकाने विचारलं.

“तो कॉम्प्युटर तिले बंद पडूच देत नही.”

हे शब्द पुढे शब्दशः खरे झाले.

कोइमतूरहून एक खोकं आलं. सुरतेच्या भंगार बाजारातून एका नव्या गाडीचं सुट्टं सामान आलं: इंजेक्टर, पंप, हवा मोजणारा डबा आणि ओंजळभर सेन्सर. भावेशने केळीचे घड ठेवायच्या शेडमध्ये गाडी उभी केली आणि दोन दिवसांत जुना कार्बोरेटर काढून शेडच्या कोपऱ्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता.

“आई, आठे एक लोखंडनी वस्तू व्हती.”

“ती काळी? तेलकट? भंगारवाला उना व्हता, त्याले दी टाकी. तूच म्हणे, आते तिनं काम नही.”

हे त्याने म्हटलं होतं हे खरं होतं. परतीचा रस्ता बंद झाल्यामुळे भावेश अधिक जोमाने कामाला लागला. कोइमतूरच्या खोक्यातली इलेक्ट्रॉनिक पाटी, म्हणजेच तो कॉम्प्युटर, नाजूक होती. तिला धूळ लागू नये, पाणी लागू नये, म्हणून त्याने भूमिकाचा शाळेत न्यायचा स्टीलचा डबा घेतला, त्याला भोक पाडून त्यातून तीस-पस्तीस वायरी बाहेर काढल्या, पाटी आत ठेवली आणि झाकण लावून कडी घातली. डबा इंजिनाच्या बाजूला पट्टीने बांधला. भूमिकाने हे पाहिलं आणि शाळा सुरू झाल्यावर पोळी बांधून न्यायला जुने कागद जमवायला घेतले.

मग दातेरी चाकाचा विषय निघाला. इंजिन फिरताना नेमकं कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून पुलीवर एक चाक लावावं लागतं. छत्तीस दातांच्या मापाचं, पण त्यातला एक दात मुद्दाम नसलेला. ती रिकामी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं, एक फेरा झाला. भावेशने कागदावर चित्र काढून गोकुळला दिलं आणि फोनवरही सांगितलं. गोकुळने दोन दिवसांत चाक आणून दिलं. सुरेख चाक होतं. भावेशने ते बसवलं, किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरत फिरलं, पण पेटलं नाही. लॅपटॉपवर इंजिनाचा वेग शून्य दिसत होता. इंजिन डोळ्यांसमोर फिरत होतं आणि कॉम्प्युटर म्हणत होता, फिरत नाही.

भावेशने सगळ्या वायरी तपासल्या. सेन्सर बदलला. रविवारचा पूर्ण दिवस त्यात गेला. सोमवारी सकाळी तापीबाई शेडमध्ये चहा घेऊन आल्या, तेव्हा तो चाकाकडे पाहत जमिनीवर बसला होता आणि पुटपुटत होता, “चौतीस, पस्तीस, छत्तीस.”

त्याने गोकुळला फोन लावला. “गोकुळभाऊ, चाकले दात कितला शेत?”

“छत्तीस. मोजी ले.”

“एक कमी पाहिजे व्हता. चित्रमा तशी जागा सोडेल व्हती.”

“ती जागा माले दिखनी,” गोकुळ म्हणाला. “माले वाटनं, चित्र काढता काढता तू दमी ग्या. भावेशभाऊ, वीस वरीस व्हयनात माले लेथवर. मन्हा हातमाईन दात पडेल चाक आजपर्यंत बाहेर नही गयं.”

भावेशने फोन ठेवला आणि ग्राइंडर घेऊन एक दात स्वतः उडवला. कोणताही एक. कॉम्प्युटरला मात्र तो नेमका कोणता हे सांगावं लागतं आणि भावेशने जे सांगितलं ते अर्ध्या फेऱ्याने चुकलं. त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा खोल श्वास घेतला आणि मग बारूद उडवल्यासारखा आवाज करून तो उलटा बाहेर टाकला. हवेच्या डब्याचं झाकण शेडच्या पत्र्याला लागलं, तिथून वळलं आणि शेजारच्या सुगंधाबाईंच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांत जाऊन पडलं. सुगंधाबाईंनी ते झाकण हातात घेऊन आणून दिलं. त्या शिंकत होत्या.

सोमवारी दुपारी इंजिन सुरू झालं. भावेशने भूमिकाला हाक मारली, तापीबाईंना हाक मारली. तिघं गाडीसमोर उभी राहून ऐकत राहिली. कधी गाडी मांजरीसारखी गुरगुरायची, कधी उसाच्या ट्रॅक्टरसारखी ओरडायची आणि मधेच गप्प व्हायची.

“आकडा बसाडना पडतीन,” भावेश म्हणाला. “वेगना एकेक टप्पाले कितलं पेट्रोल, ते सांगनं पडी. दोनशे छप्पन चौकटी शेत.”

“आनि परीक्षा गुरुवारले शे,” भूमिका म्हणाली.

अडचण अशी होती, की आकडे गाडी चालत असतानाच बसवावे लागतात. म्हणजे एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसायचं. लॅपटॉप भूमिकाचा होता आणि त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वी मेली होती. तो प्लगला जोडलेला असेल तरच चालायचा. भावेशने शेडमधल्या प्लगपासून वायर ओढली. वायर पंधरा मीटरची होती. म्हणून गाडीही पंधरा मीटरच जाऊ शकत होती.

सोमवार, मंगळवार आणि बुधवार, उन्हं कलली की भूमिका गाडीत बसायची. गल्लीत पंधरा मीटर पुढे, पंधरा मीटर मागे. तापीबाई ओट्यावर बसून वायर सोडायच्या आणि गुंडाळायच्या, संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यामागे फिरकी धरून उभं राहतात तशा. भावेश मान खाली घालून आकडे बदलायचा आणि प्रत्येक आकड्यासरशी गाडीचा स्वभाव बदलायचा. एकदा भूमिकाने पाय ठेवण्याआधीच गाडी सुसाट निघाली. एकदा अर्ध्या वाटेत उड्या मारू लागली.

“ब्रेक! ब्रेक! क्लच! वायर खेचाई जाई!” भावेश ओरडायचा.

“आवाज कमी करा,” भूमिका म्हणायची. “तुमी वरडनात का माले गाडीना आवाज येत नही.”

पण ती नेमकी थांबायची. वायर ताणली जायच्या आत, दर वेळी. बुधवारच्या शेवटापर्यंत तिने असे तीनशेवर फेरे मारले असतील आणि वायर एकदाही निसटली नाही.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला भावेशने एक आकडा सतराचा एकोणीस केला आणि गाडी शांत झाली. इतकी शांत, की तापीबाईंना वाटलं बंद पडली. भूमिकाने हलकेच पाय दाबला. गाडी लोण्यावरून सरकावी तशी निघाली. पंधरा मीटर पुढे, पंधरा मीटर मागे. एक धक्का नाही, एक खोकला नाही. भावेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

“व्हई गयं,” तो म्हणाला. “आते फक्त सेव्ह करानं.”

त्याने सेव्हच्या बटणाकडे बोट नेलं आणि गावातली लाइट गेली. लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

भावेश थोडा वेळ त्या काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा पाहत राहिला. मग त्याने शांतपणे परिस्थिती समजावून सांगितली. नवे आकडे डब्यातल्या पाटीत आहेत, पण कच्चे आहेत. गाडी चालू आहे तोपर्यंत ते राहतील. किल्ली बंद केली की पाटी ते विसरेल आणि तिच्यात आधीचे पक्के, म्हणजे सोमवारचे, आकडे येतील.

“सोमवारना म्हणजे ट्रॅक्टरवाला?” भूमिकाने विचारलं.

“हां.”

“मंग लाइट कव्हय येई?”

शेजारून सुगंधाबाईंनी भिंतीवरून सांगितलं, की तारांचं काम चालू आहे, दोन वाजेपर्यंत लाइट नाही.

“मंग आते काय करानं?”

“काही नही,” भावेश म्हणाला. “गाडी बंद करानी नही. इतलंच.”

नऊ वाजता ते निघाले. गाडी चालूच होती. तापीबाई मागे बसल्या, कारण त्यांना नंदुरबारला डोळे दाखवायचे होते आणि हा बेत महिन्याभरापूर्वीच ठरला होता. गाडी फार छान चालली. प्रकाशाचा पूल ओलांडताना भावेश सुखावून म्हणाला, “दख, आवाज दख!” आणि त्याच वेळी त्याचं लक्ष पेट्रोलच्या काट्याकडे गेलं. तीन दिवसांच्या पंधरा-पंधरा मीटरांनी टाकी रिकामी करत आणली होती.

पंपावर त्याने गाडी लावली. पंपावरच्या माणसाने नळी हातात घेतली आणि थांबला. “गाडी बंद करा.”

“बंद व्हत नही.”

“म्हणजे बिघाड शे का?”

“नही, दुरुस्त व्हई गयी. म्हणीसन बंद करता येत नही.”

त्या माणसाने नळी परत जागेवर लावली आणि मागच्या गाडीला खूण केली. त्याची चूक नव्हती, हे भावेशलाही मान्य होतं. टाकीच्या तळाशी उरलं होतं तेवढ्या पेट्रोलवर त्याने गाडी रस्त्यावर काढली.

आरटीओत त्यांचा नंबर चौदावा होता. लिंबाखाली साहेबांचं टेबल होतं. या वेळी ते चढापासून बरंच लांब मांडलं होतं. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. ऊन डोक्यावर आलं. गाडी एका कडेला उभी राहून चालत होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक भला माणूस थांबून सांगत होता, “गाडी चालू राहून गयी तुमनी.”

“आमले माहीत शे,” तापीबाई मागच्या सीटवरून सांगत होत्या. दहा-बारा माणसांना सांगून झाल्यावर त्या नुसतं हातातल्या पंख्याने ‘पुढे जा’ अशी खूण करू लागल्या. एक सद्गृहस्थ मात्र खूण करूनही थांबले. “माय, पेट्रोल जळी ऱ्हायनं,” असं म्हणून त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि किल्लीपर्यंत नेला. तापीबाईंनी तो पंखा त्यांच्या मनगटावर हाणला. ते गृहस्थ हात चोळत निघून गेले. लांब जाऊन त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

दरम्यान भावेश लॅपटॉप काखेत घेऊन कार्यालयात शिरला होता. “एक प्लग मिळेल का?” त्याने शिपायाला शुद्ध मराठीत विचारलं.

“काय लावायचंय?”

“गाडी.”

शिपायाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, “प्लग त्या खिडकीत शे. पण गाडी आत आनता येनार नही.” खिडकीपासून गाडी तीस-चाळीस मीटरवर होती, मधे माणसांची रांग होती आणि तापीबाईंनी तीन दिवस जिवापाड सांभाळलेली वायर घरी शेडमध्ये होती.

पावणेबाराला नाव पुकारलं गेलं. “पाटील भूमिका भावेश.”

भावेशने गाडीच्या खिडकीशी वाकून शेवटचं सांगितलं. “काही बी व्हवो, किल्लीले हात लावू नको. साहेब म्हणनात तरी नही.”

“आई, उतरा,” भूमिका म्हणाली. तापीबाई उतरल्या. उतरताना त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

आठचा आकडा भूमिकाने एका दमात काढला. मागे घेताना दोन खांबांच्या मधोमध गाडी अशी आणली, की रांगेतल्या दोन-तीन उमेदवारांनी माना लांब केल्या. साहेब टेबलावरून उठले आणि चढापाशी येऊन उभे राहिले. भूमिकाने गाडी चढावर निम्म्यात नेली आणि थांबवली.

“हां,” साहेब खिडकीशी येऊन म्हणाले. “आता हँडब्रेक लावा. इंजिन बंद करा आणि इथूनच पुन्हा सुरू करून वर न्या.”

भूमिकाने खालच्या बाजूला पाहिलं. भावेश दोन्ही हात हलवून ‘नाही, नाही’ म्हणत होता.

“सर,” ती म्हणाली, “बंद केली तर पुन्हा कशी सुरू होईल, सांगता येत नाही.”

“मॅडम, ते बघायलाच मी इथे उन्हात उभा आहे.”

भूमिकाला एकदम आपला वर्ग आठवला. फळ्याशी उभं राहून ‘बाई, हे गणित नको, दुसरं द्या’ म्हणणारी पोरं आठवली आणि त्यांना आपण काय म्हणतो तेही आठवलं. तिने हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवली.

साडेतीन तासांनी पहिल्यांदा शांतता झाली. लिंबावरचे कावळे ऐकू आले. भावेशने हात खाली घेतले.

भूमिकाने किल्ली पुन्हा फिरवली. एक बार उडाला. कावळे लिंब सोडून गेले, दचकलेल्या साहेबांच्याच हाताने त्यांची टोपी खाली पडली, आणि इंजिन सोमवारच्या आवाजात ओरडू लागलं. गाडी जागच्या जागी थरथरत होती. दुसरं कोणी असतं तर घाबरून पाय काढला असता. पण भूमिकाला ही गाडी माहीत होती. ही तिची सोमवारची गाडी होती. अशा गाडीला पंधरा मीटरांत कसं काढायचं आणि कसं धरायचं, ते तिने गल्लीत तीनशे वेळा केलं होतं. तिने क्लच निम्म्यावर आणून तिथेच धरला, हँडब्रेक सोडला आणि गाडी इंचभरही मागे न घेता चढाच्या माथ्यावर नेऊन ठेवली. मग खिडकीतून वळून पाहिलं.

साहेबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. “चढावर इतका क्लच ताब्यात असलेला माणूस मी या वर्षी पाहिला नाही,” ते म्हणाले. “पास आहात तुम्ही. गाडी बाजूला घ्या आणि बॉनेट उघडा.”

बॉनेट उघडलं. साहेब बराच वेळ आत पाहत राहिले. त्यांच्यामागे रांगेतली माणसंही येऊन पाहू लागली.

“हे काय आहे?”

“डबा शे साहेब,” भावेश म्हणाला.

“ते दिसतंय. डब्यात काय आहे?”

“गाडीचं डोकं.”

भावेशने मग सगळं सांगितलं. पाटपाणी, ठिबक, छत्तीसावा दात, दोनशे छप्पन चौकटी. साहेबांनी ते लक्ष देऊन ऐकलं. मधे त्यांनी दोन प्रश्नही विचारले आणि दोन्ही प्रश्न चांगले होते. भावेशला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्याचं म्हणणं कोणी समजून घेत होतं.

“काम स्वच्छ केलंय,” साहेब शेवटी म्हणाले. “पण परवानगी न घेता गाडीत असा बदल करता येत नाही. मूळ होती तशी करून दाखवेपर्यंत ती रस्त्यावर जाणार नाही. इथेच राहील. घेऊन कोण आलं गाडी?”

“मी.” भावेशने पाकीट काढलं आणि आपलं लायसन्स पुढे केलं. त्या बाबतीत त्याला चिंता नव्हती. दोन हजार तीन साली, वयाच्या विसाव्या वर्षी, पहिल्याच खेपेत तो पास झाला होता, आणि हे त्याने भूमिकाला गेल्या सहा महिन्यांत अनेकदा ऐकवलं होतं.

साहेबांनी लायसन्स उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. “वीस वर्षांची मुदत होती. दोन हजार तेवीसला संपली.”

“मंग नूतनीकरण करी लेस.”

“वर्षाच्या आत आला असतात तर झालं असतं. आता पुन्हा परीक्षा. आधी शिकाऊ लायसन्स काढा. तीन नंबरची खिडकी, फोटो आणा.” साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांना काहीतरी सुचलं. “म्हणजे गेली दोन वर्षं तुमच्याकडे लायसन्सच नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो. मग मॅडमना गाडी शिकवली कोणी?”

भावेशने भूमिकाकडे पाहिलं. भूमिकाने चढाकडे पाहिलं.

“कोणीच नही शिकाडी, साहेब,” तापीबाई म्हणाल्या. “हाऊ बाजूले बठीसन नुस्ता वरडे. ती तिनीच शिकी गयी.”

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही. भूमिकाच्या कागदावर मात्र त्यांनी सही केली.

तापीबाईंचे डोळे दाखवून तिघं एसटीने घरी आली. सोमवारी भूमिका वेळेवर शाळेत पोहोचली. तळोद्याच्या फुलवंताबाई तिच्याच केंद्रात शिक्षिका होत्या. त्यांच्या दारात वर्षभर एक नवीकोरी गाडी झाकून उभी होती, कारण घाटात चालवायची त्यांना भीती वाटायची. आता रोज तळोद्यापर्यंत एसटी आणि तिथून पुढे गाडी फुलवंताबाईंची, लायसन्स भूमिकाचं, अशी व्यवस्था झाली. पहिल्याच घाटात फुलवंताबाईंनी डोळे मिटले, आणि चौथ्या दिवशी त्यांना तिथे झोप लागू लागली.

महिन्याभराने भावेशची गाडीही सुटली. गोकुळने कुठून तरी एक कार्बोरेटर आणला, अर्ध्या तासात फुंकून बसवला आणि सुटलेलं दातेरी चाक घरी नेऊन त्याचा पडलेला दात पुन्हा जोडून ठेवला. ते तसं कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

आता रविवारी सकाळी शहाद्याच्या रस्त्यावर ती पांढरी गाडी दिसते. काचेवर लाल रंगात ‘एल’ लिहिलेला असतो. भावेश चालवत असतो आणि कायद्याने सांगितल्याप्रमाणे लायसन्सधारक भूमिका शेजारी बसलेली असते. ती ओरडत नाही. ती मांडीवर एक वही ठेवते आणि त्याच्याकडून काही चुकलं की वहीत बारीक अक्षरात काहीतरी लिहिते. काय लिहिलं ते दाखवत नाही. म्हणते, महिनाअखेरीला दाखवीन.

गेल्या रविवारी तापीबाईही बरोबर होत्या. शहाद्याला लग्न होतं. गावाबाहेर पडेपर्यंत भूमिकाने वहीचं एक पान उलटलं. पुढच्या वळणावर तिने दुसरं उलटलं. तापीबाई मागून त्या पानांकडे पाहत होत्या. बसथांबा आला तशी त्यांनी भावेशच्या खांद्यावर टकटक केली.

“भाऊ, जरा बाजूले ले.”

“काय व्हयनं, आई?”

“काही नही व्हयनं,” त्या साडीचा पदर सावरत, दार उघडत म्हणाल्या. “तू चाल तुन्हा सवडना. मी एसटीमा येस.”